लगीन कोनाचा हाय?

रेवदंड्यात आवाज टिपायलाही हंगाम असतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की माझं निम्मं काम थांबतं आणि ते थेट नवरात्रानंतर हलतं. घर कौलारू. वर पाऊस, पडवीत पागोळ्या, मागे वाडीतल्या नारळी-पोफळींच्या झावळ्या एकमेकींवर आपटत असतात. नुसत्या कानाला हे सगळं गोड लागतं, पण माइकमधून तोच पाऊस भजी तळल्यासारखा येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाई स्वयंपाकघरात बसून बोलतायत. मग चार महिने साठवलेलं ऐकायचं, कापायचं, लिहायचं. उघडीप झाली की माजघरात दोऱ्यांवर गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना घराच्या किल्ल्या आत ठेवायच्या, म्हणजे बाहेर पडताना तो उघडावाच लागतो आणि पुन्हा सुरू करायचा राहत नाही. ही युक्ती मुंबईच्या एका जुन्या ध्वनिमुद्रकाने शिकवली. तिच्यामुळे घरातलं दूध आणि मासळी किती वेळा वाचली, त्याचा हिशेब नाही.

अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत मी बरीच वर्षं काढली. परदेशी कार्टूनच्या तोंडी मराठी घालायचं काम. नंतर आजोळच्या या घरात राहायला आले आणि गाणं, प्रवास, लांबचे रस्ते यांवर पॉडकास्ट करू लागले. एवढ्या लांब कशाला, असं लोक विचारतात. मुंबईच्या कलकलाटाला कंटाळून अलिबागकडे येणारी मी काही पहिली नाही. कुलाबा वेधशाळेतलं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप १९०४ साली अलिबागला हलवलं, कारण मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने नाजूक काटे भरकटले असते. अलिबागच्या त्या खोल्या लोखंड टाळून बांधल्या. माझ्या गोधड्या त्याच जातीचा, फार गरीब उपाय.

गाव शांत आहे, असं मात्र कुणी समजू नये. रेवदंडा पोर्तुगीज किल्ल्याच्या तटाच्या आतच वसलंय. रस्ता वेशीतून आत शिरतो आणि तिथल्या अरुंद वळणावर प्रत्येक एसटी हॉर्न देते. वाडीवाडीत पाण्याचे पंप. किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. त्यातला वारा माणसाला गाण्यासारखा वाटतो, पण रेकॉर्डरला तो एकसुरी सुस्कारा म्हणून दिसतो आणि बोलण्याच्या प्रत्येक ‘स’ला चिकटतो. रात्री हेडफोन लावला की कुंडलिकेच्या खाडीपलीकडून साळावच्या जेट्टीची, कारखान्याची घरघर येते. दिवसा ती कुणाच्या खिजगणतीत नसते. पहिल्या हिवाळ्यात मी या सगळ्याशी भांडले. आता भागाच्या सुरुवातीला अर्धा मिनिट तेच ऐकवते, की मी कुठून बोलतेय ते कळावं.

हल्ली मराठीत पॉडकास्ट म्हणजे दोन खुर्च्या, दोन माइक, तीन कॅमेरे आणि पाहुण्याचा संघर्ष. त्याला माझी हरकत नाही, मीही ऐकते. पण मला करायचं होतं ते ज्याला आकाशवाणी ‘रूपक’ म्हणायची ते: माणसं, जागा, आवाज आणि त्यांना जोडायला लागेल तेवढंच निवेदन. आमच्या घरी रेडिओ सकाळी सुरू व्हायचा. ‘वनिता मंडळ’, ‘कामगारसभा’, ‘आपली आवड’, सगळं कामाच्या हाताने ऐकलेलं. आजी तर गीतरामायणाच्या पिढीतली. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. दर आठवड्याला एक गीत, असं वर्षाहून थोडं अधिक चाललं, एकूण ५६ गीतं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, हे सगळ्यांना पाठ आहे. मला ध्वनीवाली म्हणून त्यातली बैठक महत्त्वाची वाटते: कुश आणि लव गातायत आणि समोर राम बसलाय. ज्याची गोष्ट तोच ऐकणारा. गदिमांनी पहिल्याच गीतात गाणारा आणि ऐकणारा दोघांनाही जागेवर बसवून टाकलं, आपण घरोघरचे लोक त्या सभेत मागे उभे राहून ऐकतो. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती मात्र पुस्तकांमुळे नाही, चौलच्या पलीकडच्या एका पाड्यातल्या म्हातारीमुळे. तिच्याकडे येते.

आधी घोडेवाल्याचं सांगते, कारण प्रवासावरचा पहिला भाग त्याच्यावर केला. गावातल्या शाळेच्या आवारात अफनासी निकीतीनचं स्मारक आहे. व्होल्गाकाठच्या त्वेरचा हा व्यापारी १४६९च्या सुमारास होर्मुझच्या रखरखीत बेटावरून गलबतात घोडा घालून चौलला उतरला. इथे लोक उघड्या अंगाने, उघड्या डोक्याने फिरतात आणि मी गोरा म्हणून माझ्यामागे गर्दी करतात, असं त्याने लिहून ठेवलं. जुन्नरला त्याला पावसाळा लागला. चार महिने नुसतं पाणी आणि चिखल, ही त्याची तक्रार वाचून मी मोठ्याने हसले होते. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, मुसलमान झालास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. पुढे बीदरच्या सुलतानाची मिरवणूक त्याने तपशिलाने वर्णिली आहे. हत्ती, कर्णे, नाचणाऱ्या. चौलमध्ये कोण काय गात होतं, याबद्दल मात्र तो काही सांगत नाही. बहुतेक प्रवाशांचं असंच असतं. डोळे भरून लिहितात आणि कान घरी ठेवून येतात.

त्याच्यावर १९५७ साली ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत सिनेमा निघाला. नर्गिस, बलराज साहनी, पद्मिनी आणि संगीत अनिल विश्वास यांचं. त्यातलं गाणं भागात वाजवावं असा मोह झाला, पण सिनेमाचं गाणं पॉडकास्टमध्ये घालायचं म्हणजे हक्क विकत घ्यायचे, आणि ते माझ्या खिशाच्या बाहेरचं. म्हणून घोड्याची टाप टिपायची ठरवली. अलिबागच्या पुळणीवर ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे टांगे जातात. ओल्या वाळूवर टाप जवळजवळ वाजतच नाही, हे तिथे कळलं. वाजतं ते पाणी, खुरातून सुटणारं, आणि पट्ट्यांचं चामडं. सिनेमात ऐकू येते ती टापटाप नारळाच्या करवंट्यांची. मी पाणी आणि चामडंच ठेवलं. एका श्रोत्याने कळवलं, घोडा कुठेच ऐकू आला नाही.

आता ती म्हातारी. आगरी समाजात लग्न लावायचं ते धवलारणीने. हळद, मांडव, तेलवण, प्रत्येक विधीला धवले असतात. देवांना, पितरांना, गावदेवीला गाण्यातून बोलावणं जातं आणि सगळे आल्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात कित्येक लग्नं भटजीशिवाय, धवलारणीच्या तोंडावर लागली. आता भटजी असतो, डीजे असतो, आणि धवलारीण असलीच तर आतल्या खोलीत. ही म्हातारी धवलारीण. तिचे धवले टिपायचे म्हणून मी रेकॉर्डर घेऊन गेले. तिने चहा दिला, माइकवरची केसाळ टोपी चाचपून बघितली, मांजराचं पोर आहे का म्हणून विचारलं. वाऱ्याला अडवायला ती घालतात, असं मी समजावलं. मग म्हटलं, आजी, एखादा धवला म्हणा.

“लगीन कोनाचा हाय, बाय?”

कुणाचं नाही, असंच, साठवून ठेवायला, असं मी म्हटल्यावर ती माझ्याकडे जरा कीव येऊन बघत राहिली.

“मंग देवांना बोलवू कशाला? आयले तं बसवू कुठं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या दृष्टीने मी विचारलं होतं ते असं, की पाहुणे बोलाव, पण घरात पाट मांडू नकोस. गाणं सोडून बाकी सगळं तिने सांगितलं. कुणाकडून शिकली, कुठल्या गावात नवरदेवाला ताप भरला, पूर्वी साडी आणि शिधा मिळायचा, आता पाकीट मिळतं. तेवढ्यावर भाग होऊ शकला असता. मी तो तसाच ठेवून दिला आणि तुळशीच्या लग्नानंतर तिच्या नात्यातलं एक लग्न निघाल्यावर, घरच्यांची परवानगी काढून, तिच्या मागोमाग आतल्या खोलीत शिरले.

ध्वनिमुद्रणाच्या पुस्तकाप्रमाणे त्या खोलीत काहीच होऊ नये असं होतं. मांडवात बँजोवाल्यांचं साऊंड चेक. खिडकीबाहेर जनरेटर. खोलीत पंचवीसेक बायका, बांगड्या, रडणारी मुलं. मी एक छोटा माइक भांड्यांच्या फळीवर, डब्यामागे ठेवला, दुसरा हातात धरला. हल्लीची यंत्रं ३२-बिट फ्लोटमध्ये मुद्रण करतात, म्हणजे आवाज अचानक चढला तरी फाटत नाही, नंतर खाली आणता येतो. बँजोच्या शेजारी त्याच्याइतकं पुण्यकर्म नाही. म्हातारी हळदीच्या पाटासमोर बसली आणि सुरू झाली. कुलदैवत आलं, गावदेवी आली, वेशीवरचा आला, मग घरातली गेलेली माणसं नावानिशी. नवऱ्यामुलाच्या पणजीपाशी ती अडली. नाव आठवेना. सूर तसाच धरून ठेवला, नुसता, शब्दाविना, हात पाटावर. तेवढ्यात चुलीकडून एक बाई हातातलं उलथनं न ठेवता ओरडली, नाव सांगितलं, म्हातारीने ते त्याच सुरात उचललं आणि पुढे गेली. कुणी हसलं नाही, कुणाला त्यात काही विशेष वाटलंही नाही.

एडिट करताना माझा मुंबईचा सहकारी म्हणाला, ते अडखळणं काढ, आठ-दहा सेकंद आहेत, जोड कळणारही नाही. खरंच कळली नसती. मी ते ठेवलं आणि त्याच्या मागचंपुढचं बरंच कापलं. त्या पणजीचं नाव तिथे कुणाला तरी ठाऊक असायला हवं होतं आणि होतं, यावर तो धवला उभा आहे. माझ्या गोधड्यांच्या खोलीत तीच बाई तेच गायली असती तर अडली नसती, आणि अडली असती तर तिला सांगणारं कुणी नसतं.

वाळवंटाचा रस्ता त्यानंतरचा. पुढच्या जानेवारीत नवऱ्याची रजा आणि माझा हंगाम जुळला आणि आम्ही आमच्या छोट्या गाडीने निघालो. वडखळ, पनवेल, मग ४८ नंबरचा हायवे पकडून सुरत, अहमदाबाद. पुढे पालनपूर, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. हजार-बाराशे किलोमीटर. गाडीत टिपायचं तर नियम एकच: गाणी बंद. मागे सिनेमाचं गाणं वाजत असलं तर बोलणं कितीही रंगलेलं असो, ते वापरता येत नाही. नवरा गाण्याशिवाय गाडी चालवत नाही, त्यामुळे आमची बरीच भांडणं गाडी बाजूला लावून झाली. सुरतेपर्यंत टिपण्यासारखं काही नव्हतं, सगळे हायवे सारखेच घरघरतात. सांचोरनंतर मात्र टायरचा आवाज बदलला. रस्त्यावर वाळूचा पातळ थर यायला लागला आणि गाडी एखाद्या पट्ट्यावरून गेली की घरघरीच्या जागी बारीक करकर. मी चाकाजवळ माइक लावून तेवढंच घेतलं. खेजडीची झाडं विरळ होत गेली, मग पवनचक्क्या आल्या. जैसलमेरच्या आसपास त्या मैलोन् मैल आहेत आणि वारा असला की त्यांची एक खोल घुमारी सतत मागे असते. वाळवंटातल्या शांततेचे जे व्हिडिओ आपण बघतो त्यांतून ती काढून टाकलेली असते.

खरी शांतता एका रात्री मिळाली, वस्तीपासून दूर, वारा पडलेला. हेडफोन लावला आणि ऐकू आलं ते माझं यंत्र. माइकचा आवाज वाढवणारा भाग स्वतः थोडा सुसतो. रेवदंड्यात समुद्र, सुरू, पंप हे त्या सुस्काऱ्यावर पांघरूण घालतात, त्यामुळे इतकी वर्षं मला तो कधी भेटलाच नव्हता. इथे झाकायला काही नाही. त्या रात्रीचं मुद्रण वापरायचं तर त्यात वाळवंट कमी आणि माझ्या रेकॉर्डरची किंमत जास्त ऐकू येते. चांगला, कमी सुसणारा माइक घ्यायचा हे तिथेच ठरलं. वाळूचाही हिशेब तिथेच कळला. रेकॉर्डर भाजीच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, फक्त माइक बाहेर काढून वापरायचा. नाही तर दोन दिवसांत आवाजाची चकती फिरवताना करकरायला लागते.

समच्या वाळूत पर्यटकांचे तंबू आहेत. तिथे रोज संध्याकाळी मांगणियार गातात आणि रोज ‘केसरिया बालम’ची फर्माईश होते. बिकानेरच्या अल्ला जिलाई बाईंनी ते गाऊन देशभर पोहोचवलं. मग ‘निंबूडा’ची फर्माईश, कारण १९९९च्या ‘हम दिल दे चुके सनम’नंतर ते सगळ्यांना माहीत. मीही मागे उभी राहून ऐकलं. गातात ते उत्तमच. मागून जनरेटर, शेजारच्या तंबूतून डीजे, रेवदंड्याच्या लग्नासारखंच. फरक एवढाच, की इथे कुणी कुणाच्या पणजीचं नाव घेत नव्हतं.

मांगणियारांचं गाणं मुळात घराण्याला बांधलेलं. ते मुसलमान, त्यांचे यजमान बहुतेक रजपूत. यजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न ठरलं, की मांगणियाराने जायचं आणि गायचं. लंगा गवयांचे यजमान सिंधी सिपाही मुसलमान. पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. कोमल कोठारींनी हे आयुष्यभर हिंडून टिपलं. विजयदान देथांबरोबर त्यांनी १९६० साली बोरुंदा गावात रूपायन संस्थान काढलं आणि तिथे हजारो तासांचं मुद्रण जमलं. राजस्थानचा नकाशा जिल्ह्यांनी न आखता बाजरी, ज्वारी, मका अशा धान्यांच्या पट्ट्यांनी आखावा, असं ते म्हणत. माझ्या डोक्यात ते बसलंय. आमच्या किनाऱ्याचा नकाशा कुणी मासळी, भात आणि सुपारीने आखला तर आगरी, कोळी, माळी यांची गाणी कुठे कुठे एकमेकांच्या अंगणात शिरतात ते जास्त नीट दिसेल.

जैसलमेरच्या बाहेरच्या एका गावात एका खाँसाहेबांकडे गेलो. ते कमायचा वाजवायचे. या वाद्यातले मोठे कलाकार हमीरा गावचे साकर खाँ; २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी ते गेले. आमचे खाँसाहेब तितके नामांकित नाहीत. कमायचा मी इतक्या जवळून पहिल्यांदा बघितला. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, वर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा आतड्याच्या, बाजूला धातूच्या, आपोआप झंकारणाऱ्या. गज टेकवला की आधी सूर येत नाही, खरखर येते, आणि त्या खरखरीतून सूर वर येतो. माइक पोटाजवळ नेला तर नुसती खरखर, मानेजवळ नेला तर पातळ. दीड हातावरून, थोडा वरून धरला तेव्हा जमलं. तारा सुरात लावायला त्यांनी बराच वेळ घेतला आणि त्या वेळात त्यांच्या खांद्यावरचा नातू झोपला.

मी म्हटलं, शुभराज ऐकवा. शुभराज म्हणजे यजमानाच्या वंशाची स्तुती, त्याच्या पूर्वजांची नावं घेत म्हटलेली. खाँसाहेबांनी विचारलं, कुणाचा? त्यांच्या यजमानाचा नको, तो इथे नाही, त्याच्या पाठीमागे कशाला. मग स्वतःच म्हणाले, हुकम, तुमच्या आजोबांचं नाव सांगा, गावाचं सांगा. मी सांगितलं. त्यांनी दोनदा तोंडात घोळवून बघितलं आणि चढ्या आवाजात सुरुवात केली. माझे आजोबा तलाठी कचेरीत कारकून होते, वाडीत पोफळी लावत आणि दम्याने खोकत. त्या शुभराजात ते उंटांचे, तलवारींचे आणि रेवदंड्याच्या किल्ल्याचे धनी झाले. नवरा तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. मी मात्र पूर्ण ऐकलं, आणि मग मला उमगलं की आता मी बिदागी देणं हे कौतुक राहिलं नाही, तो रिवाज झाला. ज्याच्या नावाने गायलं त्याने द्यायचं. मी दिली, आणि भागात सांगितलंही.

खाँसाहेबांच्या घरातल्या बायकांनी नंतर मला आत बोलावलं. तिथे नवऱ्याला प्रवेश नव्हता. मांगणियार बायका घरात, यजमानांच्या बायकांमध्ये, जन्मलग्नाला गातात. चारचौघांसमोर गायला लागलेल्या बाडमेरच्या रुकमाबाई त्यातल्या पहिल्या म्हणून ओळखल्या जातात. आत त्यांनी एक ढोलक काढलं आणि बाळंतपणाचं काहीतरी सुरू केलं, कारण घरात खरोखर बारा दिवसांचं मूल होतं. रेकॉर्डर बाहेर काढू का, असं विचारलं. थोरली म्हणाली, आवाज घे, फोटो नको. हा भेद मला फार बरा वाटला आणि तेव्हापासून मी तो सगळीकडे विचारते.

या प्रवासाचे भाग प्रसिद्ध झाल्यावर एक निरोप आला तो दुसऱ्याच वाळवंटातून. नेगेव्हमधल्या डिमोना शहरातून, मराठीत. रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायल ज्यू आमच्या गावाला नवे नाहीत. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची त्यांची कथा, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं ‘शनवार तेली’ हे नाव, रेवदंड्यातलं त्यांचं सिनेगॉग, सगळं इथलं. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, त्यातली बरीच १९५५ साली वसवलेल्या डिमोनासारख्या वाळवंटी गावांत. इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघू लागलं. निरोप पाठवणाऱ्या आजींचं माहेर चौल-रेवदंड्याकडचं.

फोनवर मुलाखत घ्यायची तर माझी पद्धत ठरलेली: बोलणं व्हिडिओ कॉलवर, पण दोघींनी आपापल्या फोनमध्ये वेगळं मुद्रण करायचं आणि नंतर त्यांच्या नातवाने फाइल पाठवायची. कॉलचा आवाज दबका येतो, फोनमधलं मुद्रण स्वच्छ. आजींना मी गाण्याचं विचारण्याआधी त्यांनी माझी झाडाझडती घेतली. घर कुठल्या आळीत, वाडी तटाच्या आत का बाहेर, शेजारी कोण, विहीर कुणाची. पस्तीस मिनिटं. उत्तरं पटली तेव्हा म्हणाल्या, बोल आता. एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायलांनी मराठी कीर्तन उचललं आणि बायबलमधल्या कथा साकी-दिंडीत लावल्या, हे मी वाचलं होतं. आजींना त्यातलं थोडं येत होतं. पण गायचं तर मलिद्याच्या दिवशी, असं त्यांचं म्हणणं. मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेला पोहे-गूळ-खोबऱ्याचा प्रसाद. घरात कार्य निघालं तेव्हा नातवाने फोन ताटाजवळ ठेवून मुद्रण पाठवलं. आजींचा आवाज कमी, सुना-नातींचा जास्त. त्यांना मराठी येत नाही, पण चाल येते. मागे एसीची घरघर. त्या फाइलमधून एसी काढायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. काढला नाही. डिमोनात तोच पाऊस.

हे सगळं गोड गोड वाटू नये म्हणून पैशाचं सांगते. पारंपरिक गाण्यावर कुणा एकाचा हक्क नसतो, पण ते गाणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर असतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ला दुरुस्ती झाली आणि कलम ३८ खाली सादर करणाऱ्याला स्वतंत्र हक्क मिळाला. आता तो ५० वर्षं टिकतो. म्हणजे धवलारणीचं मुद्रण मी तिच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. व्यवहारात मी असं करते: जागेवर बिदागी, ती त्या घरच्या रीतीने; एक साधा मराठी किंवा हिंदी कागद, मोठ्याने वाचून दाखवलेला; आणि अख्ख्या मुद्रणाची प्रत त्यांच्या फोनवर. जाहिरातीतून काही आलं तर त्यातला वाटा. ते फार क्वचित येतं. वाळवंटाच्या भागांनी आमच्या डिझेलचे पैसेही सोडवले नाहीत. डबिंगचं थोडं काम मी अजून घरून करते, त्यावर हे चालतं. कुणी विचारलं की यात पैसा आहे का, तर मी सांगते, आहे, पण तो बाहेर जातो.

प्रत देण्याचा एक परिणाम मी धरला नव्हता. खाँसाहेबांच्या मधल्या मुलाने ती फाइल ऐकून मला फोन केला. माइक कुठला, वाऱ्याची टोपी कितीला, खरखर इतकी कमी कशी आली. त्याला मी सगळं सांगितलं, एक जुना रेकॉर्डर कुरियरने पाठवून दिला. आता तो आपल्या घरातल्यांची, शेजारच्या गावांतल्या म्हाताऱ्यांची गाणी टिपून टाकतो, आणि तो तिथे परका नसल्यामुळे त्याला जे मिळतं ते मला कधीच मिळणार नाही. मागच्या होळीला त्यानेच माझी मुलाखत घेतली. समुद्राकाठी कोण गातं, कशाला गातं, त्यांना काय मिळतं, असं धडाधड विचारत गेला. धवलारणीचं मी सांगितल्यावर म्हणाला, थांबा, ती अडली आणि चुलीकडून नाव आलं, ते ऐकवा. मी ऐकवलं. त्याचे वडील मागून काहीतरी बोलले, जोरात, ते त्याने भागात तसंच ठेवलंय. आमच्यात पण असंच होतं, असं त्याचं भाषांतर त्याने मला नंतर पाठवलं. तो भाग माझ्या सगळ्या भागांपेक्षा जास्त लोकांनी ऐकला आहे, आणि त्याने मला अजून बिदागी दिलेली नाही. मी त्याला तसं कळवलं आहे.